ऐकीव

आमच्या क्वेचुआ भाषेत स्वतः पाहिलेलं एका तऱ्हेने सांगतात, ऐकलेलं दुसऱ्या. चार वर्षांची वायता दोन्हींची गल्लत करायची. "कोल्ह्याने मेंढी नेली," असं बिनदिक्कत ठोकून द्यायची.

"तू बघायला गेली होतीस का गं भवाने?" आत्या हसायची. "'नेली म्हणे' असं म्हणावं!"

एकदा उकडलेले बटाटे सोलताना वायता म्हणाली, "आई मला पाठीवर बांधून शेतात न्यायची म्हणे."

"बघ दादा, शिकली पोरगी!" आत्या हरखली.

वायताच्या बापाचा, फोर्तुनातोचा हात थांबला. बायको जाऊन दोनच वर्षं झाली होती. "म्हणे काय, बाळा? तूच होतीस ना पाठीवर!"

वायता विचारात पडली.


"मला आत्याने सांगितलं, बाबा."