हरवलात तर कुणाकडे?

राजधानीतल्या एका बालवाडीत ‘आपलं शहर’ हा धडा शिकवायला खुद्द हवालदार एव्हारिस्तो आले होते. पाहणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या बाई कौतुकाने बघत होत्या.

“बाजारात आईचा हात सुटला, तर घाबरायचं नाही. सरळ पोलिसाकडे जायचं!” हवालदारांनी छाती फुगवून सांगितलं.

“मग, हरवलात तर कुणाकडे जाणार?” बाईंनी विचारलं.

“पोलिसाकडे!” पोरं ओरडली.

“मी मक्याच्या तॉर्तिया विकणाऱ्या मावशीकडे जाईन,” पाच वर्षांची इश्चेल म्हणाली. “पोलिसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.”

बाई भडकल्या. “एवढ्याशा पोरीच्या डोक्यात हे विष कुणी कालवलं? त्याला आधी आत टाकायला हवं!”

 

इश्चेलने हवालदारांकडे बोट दाखवलं. “माझ्या बाबांनी.”