खडकवस्तीचा शून्य

“सर, हा शून्य खरा आहे,” रोहिणी म्हणाली.

जोगदंड सर, तिचे पीएचडीचे मार्गदर्शक, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत राहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांचं ते सर्वेक्षण होतं. एका संस्थेनं घरोघरी फिरून केलेलं आणि अभ्यासकांसाठी संकेतस्थळावर खुलं ठेवलेलं. त्यातला एक प्रश्न असा : गेल्या पाच वर्षांत घरातलं वर्षाच्या आतलं मूल दगावलं का? एकेका वस्तीपुढे ‘होय’ची रांग लागली होती. पाटोद्याच्या पलीकडच्या खडकवस्तीत मात्र एकही ‘होय’ नव्हता.

“शून्य दिसला की आधी संशय घ्यायचा,” सर म्हणाले. “विचारलंच नसेल. रकाना रिकामा राहिला असेल आणि संगणकावर चढवताना कुणीतरी त्याचा शून्य केला असेल.”

“तेच आधी तपासलं. दर घरापुढे ‘नाही’ असं स्पष्ट आहे. तिथे सर्वेक्षण केलेल्या संगीताताईंशीही बोलले. त्या म्हणाल्या, मी सोता दारोदार गेलते, बायांना समोर बसवून इचारलं.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “मग जाऊन ये. इतरांना जमलं नाही असं त्या बायांनी काय केलं, ते लिही. तुझा प्रबंध तिथेच आहे.”

रोहिणीला हेच ऐकायचं होतं. ती मूळची सिरसाळ्याची. आईवडील ऊस तोडायचे. ती लहान असताना तिचा भाऊ फडातल्या कोपीत थंडीनं गेला. पाचटाच्या त्या झोपडीत त्याचं बारसंही झालं नव्हतं. आई त्याच दिवशी दुपारून पुन्हा मोळ्या बांधायला उठली. पुढे वडिलांनी कोयता सोडला, परळीत चहाची टपरी टाकली, आणि घरात त्या बाळाचा विषय परत कुणी काढला नाही. विद्यापीठात संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा रोहिणीला दुसरं काही सुचलंच नाही.

दसरा झाला की वस्ती कारखान्यांकडे पांगणार, म्हणून ती त्याआधीच निघाली. पाटोद्यापर्यंत एसटी, तिथून वडापची जीप, मग थोडी पायवाट.

मारुतीच्या पारावर बाया जमल्या.

“कावून आलात ताई एवढ्या लांब?” त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या सत्यभामाबाईंनी विचारलं.

“तुमच्याकडून शिकायला.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. रोहिणीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. मग सर्वेक्षणातलाच प्रश्न तिनं एकेकीला नव्यानं विचारला. उत्तर तेच आलं. न्हाई. न्हाई. आमच्यात बी न्हाई.

“आधी दगावायची?”

“दगावायची की,” मंगल म्हणाली. ती तिशीचीही नसेल, पण बसताना तिनं म्हातारीसारखा कमरेवर हात धरला होता. “माझं एक गेलं. फडातच.”

“मग आता जात नाहीत, ते कशामुळे?”

मंगल पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

“मुकादमानं डॉक्टर दाखिवला,” ती म्हणाली.

“तुमच्या टोळीच्या मुकादमानं?”

“व्हय. बीडला न्हेलं समद्यांना. गाडी बी त्याचीच.”

रोहिणीनं मान हलवली. मुकादमाबद्दल एवढं बरं तिनं आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. “आणि गुण आला?”

“आला ना. पयलं लेकरू कोपीत टाकून ऊस तोडाया जायचं. सारं ध्यान तिकडंच. वैरणीपाशी ठिवलंय, बैल पाय देतोय का, कुत्रं येतंय का. मुकादम शिव्या घालायचा. आता तसलं काय न्हाई. दिसभर कोयता चालतो.”

रोहिणीला आईचे मोळ्या बांधणारे हात आठवले. असा एक डॉक्टर तेव्हा त्यांच्या टोळीला भेटला असता तर!

तरी ती नुसत्या बोलण्यावर थांबली नाही. एकेका घरात शिरली. घरं सारवलेली, नीटनेटकी. कुठे गडबड नाही, रडारड नाही. सत्यभामाबाईंची दोन तरणी पोरं ओट्यावर बसून दोर वळत होती.

“सुना नाही आणल्या अजून?” तिनं सहज विचारलं.

“कोयत्याच्या घरात पोरगी कोन देतंय आता?” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

दुपार कलल्यावर रोहिणीनं सरांना फोन लावला. “सर, शून्य पक्का आहे. घरोघर खात्री केली. मुकादम आणि डॉक्टर मिळून हे घडलंय. जिल्ह्यात दुसरीकडेही करता येईल.”

“शाब्बास,” सर म्हणाले. “प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकायला तिथला एखादा फोटो आण.”

ती हसतच पाराकडे परतली. “मावशी, एक काम करा. वस्तीतलं सगळ्यात लहान लेकरू आणा. मांडीवर घेऊन बसा सगळ्याजणी. फोटो काढते.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सत्यभामाबाई उठल्या आणि शाळेच्या बाजूला हाक मारून आल्या. जरा वेळानं पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी धापा टाकत आली. तिचे समोरचे दोन दुधाचे दात पडले होते.

“ही नव्हे हो,” रोहिणी मोबाइल सरसावत म्हणाली. “तान्हं आणा. सगळ्यात धाकटं.”

“हीच धाकटी,” मंगल म्हणाली. “ही झाली त्याच साली मुकादमानं आमा समद्यांच्या गर्भाच्या पिशव्या काढून घेतल्या, ताई.”