हाताएवढी सावली

ऊन आधी समोरच्या सिल्व्हर ओकच्या शेंड्यावर उतरलं. मग गॅलरीच्या कठड्यावर आलं, तिथे वाळत घातलेल्या पंच्याच्या काठावर क्षणभर रेंगाळलं आणि हलकेच स्वयंपाकघरात शिरलं. हंड्याच्या तोंडाला बांधलेलं पाणी गाळायचं पांढरं फडकं पिवळसर दिसू लागलं. फरशीवरचा एकेक कण उजळला. शेवटी ते जेवणाच्या टेबलावर आलं आणि तिथे पालथ्या ठेवलेल्या फोनच्या काळ्या पाठीवर पसरलं. पाचगणीच्या धुक्यातून कितीतरी दिवसांनी आलेलं साधं, सकाळचं ऊन. सम्मेदला मात्र असल्या उन्हाचं नेहमीच दडपण येई.

टेबलापलीकडे, खुर्चीच्या अगदी कडेवर, त्याचा थोरला भाऊ गोमटेश हात जोडून बसला होता. पलूसहून पहिल्या गाडीने आलेला. पर्युषणाच्या उपवासांनी त्याची गालफडं आत गेली होती. सम्मेदच्या बायकोने, स्वप्नालीने, उकळून निववलेलं पाणी पुढे ठेवलं होतं. तो त्याला शिवलाही नव्हता.

आज क्षमावाणी. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढे हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणण्याचा दिवस. गेली चार वर्षं गोमटेशचे हे दोन शब्द फोनवर येत आणि सम्मेद त्यांना उत्तर देत नसे. या वर्षी शब्दांऐवजी माणूसच आला होता.

“अहो आण्णा, पाणी तरी घ्या,” स्वप्नाली म्हणाली. “यांचं काय, यांचा फोनसुद्धा पोटावर झोपतो. तोंड म्हणून दाखवत नाही कुणाला.”

गोमटेश कसनुसं हसला. सम्मेद हसला नाही.

चार वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, आई गेली. मृतदेहात जीव पडू लागतात, तो फार वेळ ठेवायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. दुपारच्या आत सगळं उरकलं होतं. सम्मेदला कळलं ते पलूसच्या घराशेजारच्या लालासाहेबांकडून, तिसऱ्या प्रहरी, तो शिकवत असलेली शाळा सुटता सुटता. तो गावी पोचला तेव्हा राखेतून अजून धग येत होती. अंगणात जमलेल्या भावकीपुढे मान खाली घालून गोमटेश म्हणाला होता, “गडबडीत सम्मेदला कळवायचं राहिलं.”

राहिलं. आईचं शेवटचं दर्शन त्या एका शब्दात बुडालं. सख्ख्या भावाने आपल्याला आईच्या मरणाबाहेर उभं केलं, हे दुःख सम्मेदने मग एखाद्या व्रतासारखं पाळलं. पलूसची वाट सोडली. आईच्या पहिल्या पुण्यतिथीलाही तो गेला नाही. या दुःखाचा त्याला आधार वाटू लागला होता, हे मात्र त्याने स्वप्नालीलाही कधी सांगितलं नाही.

“कशाची क्षमा मागतोस, आण्णा?” तो म्हणाला. “मोघम नको. नाव घेऊन सांग.”

“सांगतो की. त्येच सांगाय आलोय.” गोमटेशने जोडलेले हात टेबलावर टेकले. “खोटं बोललो रं. भावकीपुढं. ह्यो चातुर्मास महाराज आपल्या गावातच हायती. त्यांस्नी इचारलं, दुसऱ्याला झाकाय बोललेलं खोटं चालतंय का. न्हाई म्हणाले. ज्याच्या नावानं बोललास त्याच्यापुढं जाऊन सांग.”

“कसलं खोटं?”

“कळवायचं राहिलं न्हवतं. आईलाच तुज्याशी बोलायचं हुतं. मी फोन लावून तिच्या कानाला धरला. लय येळ धरला. ती नुसती रिंग ऐकत ऱ्हायली. म्हणाली, तासावर आसंल पोर. ऱ्हाऊ दे.”

स्वप्नालीने हातातला तांब्या खाली ठेवला.

“ती गेल्यावर परत फोन लावाय माजा हातच उठना. मग समदी इचाराय लागली, धाकटा कसा न्हाई आला. फोन उचलला न्हाई म्हणलो असतो, तर जल्मभर तुला बोलली असती. म्हणून माज्यावर घेतलं. तुला वाईट वाटंल, ही कल्पना हुती. पर त्ये निभंल वाटलं.”

सम्मेदच्या छातीत चार वर्षं जपलेलं काहीतरी घसरून पडलं. भावाने आता दुसऱ्यांदा घात केला, असंच त्याला वाटलं. पहिल्यांदा आई नेली. आज तो रागही नेला.

“रेंज नव्हती,” तो म्हणाला. “डोंगरावर रेंज जाते, आण्णा. तुला माहीत आहे.”

गोमटेशने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप शोधावा तर तिथे नुसता थकवा होता.

“व्हय,” तो हळूच म्हणाला. “गेली आसंल.” आणि त्याने जोडलेले हात कपाळाला लावले. “उत्तम क्षमा, सम्मेद.”

आता उत्तर द्यायचं होतं. दोनच शब्द. स्वप्नाली नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. ऊन टेबलावर आणखी पुढे सरकलं होतं आणि पालथा फोन त्यात तापत होता.

त्या सकाळीही असंच ऊन होतं. पहिल्या छोट्या सुट्टीत तो शाळेच्या पायरीवर एकटाच बसला होता. थंडी सरली की आईला पाचगणीला नेतो, असं त्याने भावाला सांगून ठेवलं होतं, आणि प्रत्येक फोनवर भाऊ त्याचीच आठवण करून देई. फोन वाजला. उन्हात पडद्यावरचं नाव दिसेना, म्हणून त्याने त्यावर हाताची सावली धरली, नाव नीट वाचलं आणि फोन पालथा घातला.