जादाची तार

बंद कपाटात ‘टण्ण’ झालं आणि दुपारची शांतता मोडली. जेमतेम डोळा लागलेली तीन वर्षांची लेक उठून बसली. मी व्हायोलिनची पेटी उघडली, तर तार तुटून वेटोळी झाली होती. आम्ही चौघी एकत्र वाजवून पोट भरायचो. लेक झाल्यापासून माझ्या खुर्चीवर बदलीवाली बसत होती. “चांडाळचौकडीला चौथी आपलीच हवी,” म्हणणारी म्होरकी काल फोनवर हसली नाही. “उद्या चारला वाजवून दाखव गं, नाहीतर बदलीवालीच कायम.” लेक झोपली की हात बसवायचा, एवढंच घोकत होते. जादाची तार चढवली. ताणली की सूर उतरायचा. नवी तार सुरात मुरायला दोन दिवस लागतात. उरले दोनच तास. फोन लावला. “ताई, परवा चालेल?” “बाई गं, आता नाही.” लेकीने तुटकी तार उचलली. “आई, तू वाजवलंच नाहीस. मग तुटली कशी?”