भिंतीपलीकडचा खोकला

"या भिंतीला हात लावायचा नाही," काकांनी पुन्हा बजावलं.

मिस्त्रीने यंत्र खाली ठेवलं आणि कंबर धरली. जुन्या इमारतींच्या पोकळ भिंतींत ऊब धरून ठेवणारा लोकरीचा भुगा भरायचा, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. या कामाने त्याचा पार पिट्ट्या पडला होता. कुठल्याही मजल्यावर जा, माणसं तीच. अर्ध्यांना धूळ नको, अर्ध्यांना आवाज नको, आणि थंडी पडली की बोंब मात्र सगळ्यांची.

"काका, सगळ्यात जास्त गारठा इथूनच येतोय."

"येऊ दे."

त्याच भिंतीला लागून काकूंची खाट होती. कंबरेचं हाड मोडून इस्पितळातून घरी आल्यापासून त्यांना खोलीबाहेर पडता आलं नव्हतं. त्या पडल्या पडल्या कडाडल्या, "मिस्त्री, यांचं काही ऐकू नका. आधी हीच भिंत भरा. गारठून मरायची वेळ आलीय माझ्यावर!"

नवरा-बायकोच्या वादात तोंड घालायचं नाही, हे मिस्त्री या धंद्यात कधीच शिकला होता. त्याने उष्णता दाखवणारा कॅमेरा परत भिंतीवर धरला. भिंत निळीशार दिसत होती. पलीकडे कुणी हीटर लावून राहत असतं, तर तिची अशी अवस्था झाली नसती.

"शेजारी कोण राहतं, काका?"

"हिचा थोरला भाऊ." काका घाईने उठले. "जरा पाय मोकळे करून येतो गं."

"मफलर नीट गुंडाळा," काकू म्हणाल्या.

काकांनी मिस्त्रीला जिन्यात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"राहायचा," ते हळूच म्हणाले. "मागच्या थंडीत गेला. ही तेव्हा इस्पितळात होती. बहीण-भावाची वर्षानुवर्षं बोलचाल बंद. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण रात्री त्याचा खोकला ऐकल्याशिवाय हिचा डोळा लागायचा नाही. 'आहे मेला अजून,' म्हणायची आणि कूस बदलायची. डॉक्टर म्हणाले, तिला इतक्यात सांगू नका, सोसायचं नाही. मग कसं सांगणार? खोकला तर तिला अजून रोज ऐकू येतो."

"आणि आता खोकतं कोण?"

काकांनी खिशातून शेजारच्या घराची किल्ली काढली.

"रोज जातो. रेडिओ लावतो, खुर्ची सरकवतो, खोकतो. आता छाती खरंच धरायला लागलीय. पण भिंत भरलीत, तर तिला काही ऐकू जायचं नाही. एवढी एक सोडा हो."

एक भिंत राहिली तरी काम अपुरं ठरणार, साहेब सगळ्यांसमोर झापणार. झापू दे, मिस्त्री मनात म्हणाला. त्याने मान डोलावली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुलूप काढून त्या थंडगार घरात शिरले.

मिस्त्री सामान आवरायला काकूंच्या खोलीत आला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. रेडिओ खरखरला. मग खोकला सुरू झाला, तो थांबेचना. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"काकू, ही भिंत राहू द्या," मिस्त्री चाचरत म्हणाला. "भरली तर पलीकडचं तुम्हाला काहीसुद्धा ऐकू येणार नाही."

"म्हणून तर भरायला सांगतेय."

"अहो, पण तुमचे दादा..."

"नवऱ्याचा खोकला बायकोला ओळखू येत नाही होय?" काकू म्हणाल्या. "भरा ती भिंत. थकलेत हो ते."