पाटी दिसेल असा फोटो

“आज ऑफिस बंद व्हायच्या आत फोटो आला नाही, तर तुमची फाइल मी पुढे पाठवू शकत नाही. मग जागा गेली म्हणून रडायचं नाही,” व्हिसाचा एजंट म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तिने जेवणाचं ताट तसंच सरकवलं आणि पायात चपला अडकवल्या.

मागितलं होतं तरी काय? वडिलांच्या दुकानाचा एक फोटो. वर पाटी दिसेल असा, गल्ल्यावर वडील बसलेले. परदेशातल्या विद्यापीठाने प्रवेश दिला होता. पहिल्या वर्षाची फीही भरून झाली होती. पण पुढच्या वर्षांचा खर्च कोण करणार, त्याचा धंदा नीट चालू आहे का, एवढं व्हिसावाल्यांना दाखवायचं राहिलं होतं. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

आठवडाभर ती बाबांच्या मागे लागली होती आणि बाबा आज-उद्या करत होते. आधी म्हणाले, दुकानात पसारा आहे. मग म्हणाले, पाटी पुसायची आहे. काल तिचा तोल गेला. “मला पाठवायचंच नसेल तर तसं सांगा ना तोंडावर.” बाबा उरलेला घास संपवून हात धुवायला उठले.

राग काही कालचा नव्हता. फी भरायची वेळ आली तेव्हा “जुनी ठेव होती, ती मोडली” असं सांगून बाबांनी सगळे पैसे एकदम भरले होते. म्हणजे ठेव होती तर. आणि तिने बारावी मैत्रिणीच्या पुस्तकांवर काढली होती, आईने मूठ तुटलेला कुकर फडक्याने धरून वर्षानुवर्षं चालवला होता. आनंद झाला, नाही असं नाही, पण डोकंही फिरलं. त्यात हल्ली बाबांचं वागणंही तऱ्हेवाईक झालं होतं. मनात येईल तेव्हा दुकान उघडणारा माणूस आता घड्याळ बघत, चहा बशीत ओतून घटाघटा पिऊन पळायचा. दुपारी घरी जेवायला येणं बंद, डबा सुरू. दिवसा फोन केला तर उचलायचे नाहीत. “तू जाणार ना, म्हणून कामात मन गुंतवतायत,” आई समजूत काढायची.

दुकान पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं. आजोबांनी थाटलेलं, पाटीवर त्यांचंच आडनाव. तिने रस्त्यावरूनच पाहिलं, पाटी लख्ख होती. पुसायची आहे म्हणे. तिचं टाळकंच सटकलं.

आत व्हार्निशचा उग्र वास भरला होता. बाबा जमिनीवर पोतं टाकून तांब्याची तार गुंडाळत बसले होते. ओठ हलत होते. वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरातला जुना नियम. मोजणी चुकली की सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिला दारात बघून त्यांनी नेहमीसारखं एक बोट वर केलं, पण चेहरा उतरला.

थांबायला वेळ कुणाला होता? गल्ल्यामागच्या खुर्चीत कुणी गिऱ्हाईक ऐसपैस बसून चहा पीत होतं. बाबा हे असेच. येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची द्यायची आणि आपण खाली फतकल मारायची. उद्या कुणी गल्ला मागितला तर तोही देतील, असं तिला वाटलं.

“काका, जरा उठता का?” तिने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं. “बाबांचा त्या खुर्चीत बसलेला फोटो काढायचाय. दोन मिनिटांचं काम आहे. माझं सगळं शिक्षण अडकलंय त्यावर.”

तो माणूस गोंधळला. त्याने बाबांकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि खरंच उठायला लागला.

बाबांच्या हातातली तार सुटली. गुंडाळलेले वेढे भराभर सैल झाले. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बसा मालक, तुम्ही बसा,” ते म्हणाले. “तिला अजून सांगितलेलं नाही.”