वरवंट्याएवढा माईक

विजयमालेचा आवाज गेला हे कळलं, ते ती गेल्यावर अकरा महिन्यांनी.

तोवर लालासाहेब निर्धास्त होता. बायको गेली, पण तिची सहा गाणी कॅसेटमध्ये आहेत, एवढा आधार होता. ऐकायचा धीर होत नव्हता म्हणून ऐकली नव्हती. त्या दिवशी सकाळी त्यानं मन घट्ट केलं आणि टेप लावला. बाहेरच्या सोप्यात गिटार घुमली. ती त्याची स्वतःची, पलटणीत हवालदार असताना गोव्याच्या एका बँडवाल्याकडून शिकलेली. तिच्या मागं, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसं काहीतरी. सहाही गाणी होती. शब्द एकही कळत नव्हता.

चूक कुठं झाली ते त्याला लगेच उमगलं. सोप्यात सासूदेखत नवऱ्याशेजारी बसून गाणं विजयमालेला जमणारं नव्हतं. ती स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत भिंतीआड बसून गायली. आणि माईक त्यानं ठेवला आपल्या मांडीशी. त्याच्या कानाला दोन्ही ऐकू येत होतं. माईकलाही येत असणार असं तो धरून चालला.

"तुझ्यामुळं ती आत बसली," तो आईला म्हणाला.

बयाबाई शेंगा फोडत होती. "मी कवा म्हणलं हुतं, आत बस म्हणून?"

"म्हणावं लागतं व्हय?"

बऱ्याच शेंगा फोडून झाल्यावर म्हातारीनं तोंडातल्या तोंडात पहिलं गाणं धरलं. लालासाहेबानं मान वर केली. गाणी विजयमालेनं स्वतः जुळवलेली. त्याला नुसत्या चाली येत होत्या. म्हातारीला शब्दन् शब्द येत होता.

"तुला कशी गं येत्यात?"

"तू पलटणीत. मी हितं. पंधरा वर्सं कुणी ऐकली?" ती म्हणाली. "भरून घ्यायची तर बिगीनं घे. मला कालचं कालवण आठवंना झालंय."

या खेपेला चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं. एस्टीनं सांगलीला गेला आणि परवडेल असा एक माईक घेऊन आला. दुसरा टेपबरोबर आलेला होताच, बोटाएवढा. तिसरा गावातल्याच, उंब्रजच्या लाऊडस्पीकरवाल्या हरिबाचा, लग्नात आहेर पुकारायचा. हरिबानं त्याची जाडी पिन कापून टेपला बसेल अशी बारकी जोडली आणि स्वतःही येऊन बसला.

"मावशी, एकच ओळ म्हणायची. तीन माईकवर तीनदा."

"एक ओळ तीनदा म्हणाया मी काय शाळंत बसलीया?"

पण म्हणाली. बोटाएवढ्या माईकनं तिचा आवाज घेतला, गिटार घेतली, शेजारची म्हैस घेतली आणि हरिबाचा खोकलाही घेतला.

"सगळं उंब्रज आलं की ह्यात," हरिबा म्हणाला.

सांगलीच्या माईकवर गिटार पत्रा बडवल्यासारखी वाजली. म्हातारी टेपकडं बघतच राहिली.

"ही कोण सटवी कोकलतीया?"

"तूच हाईस आई."

"बंद कर ते!"

मग हरिबानं आपला माईक तिच्या हातात दिला. तिनं तो तोलून बघितला. "ह्यो तर वरवंट्याएवढा हाय. ह्यात म्हणू, का ह्यानं चटणी वाटू?"

त्यात मात्र तिचा आवाज स्वच्छ आला. शब्द सुटे, दाण्यासारखे. अडचण एकच. गिटार जवळ आली की शब्द पुन्हा बुडत होते.

"हवालदार, मागं सरका," हरिबा म्हणाला. लालासाहेब हातभर सरकला. "अजून." तो भिंतीला टेकला. "अजून मागं घ्या."

"भिंतीत शिरू का आता?"

"आत जाऊन बसा की."

तो गिटार घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि उंबऱ्याच्या आत बसला. हरिबानं ओळ भरली, ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "हां! आता दोगं बी बराबर आलं!"

तिथून लालासाहेबाला आईची नुसती पाठ दिसत होती. आवाज तेवढा येत होता. त्यावर तो वाजवत राहिला. दुपारपर्यंत पाच गाणी भरून झाली. प्रत्येक गाण्यानंतर हरिबा ते लावून दाखवायचा आणि म्हातारी पदर सावरून ऐकायची, जणू कुणी पाहुणी गातेय.

"झालं," लालासाहेब आतून म्हणाला. "पाचच हायेत."

"सा हायेत. लपवतुयास कशाला?"

तो गडबडला. सहावं सासूवरचं होतं. त्या वेळी म्हातारी मागच्या परड्यात गेल्याचं बघून विजयमालेनं ते घाईघाईनं म्हटलं होतं.

"तुला ते ठावं हाय?"

"परड्यात जाताना कान काय खुंटीला टांगून जात हुते व्हय मी?" म्हातारीनं माईक तोंडाशी धरला. "हरिबा, चालू कर."

आतून गिटार सुरू झाली. म्हातारीनं गळा मोकळा केला.

"सासू माझी गुणाची, ताक करी पाण्याचं,
पाव्हणा उठला की नाव सांगे सुने..."

पुढं तिला हसू आवरेना. हरिबानं कॅसेट मागं घेतली. दुसऱ्या वेळी ती पाण्यापाशीच फुटली. तिसऱ्या वेळी तिनं नुसतं "सासू माझी" म्हटलं आणि आत गिटारच थांबली. लालासाहेब उंबऱ्यावर डोकं टेकून हसत होता, आणि डोळे पुसत होता.

"आवं, दमानं घ्या की!" हरिबा ओरडला, पण त्याला स्वतःलाही ठसका लागला होता.

त्याला आता पंधरा दिवस झाले. हरिबा माईक परत न्यायला म्हणून दोनदा आला आणि दोन्ही वेळा तिथंच बसला. पाच गाणी नीट भरली आहेत. सहावं अजून भरायचं राहिलं आहे.